पेंचच्या पाण्यात समुद्र विकणारे

मंडळी, रस्ते, खड्डे आणि महापालिका यांच्यावर उद्या परत भांडूच. आज विषय खेकड्याचा आहे. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

नागपुरात समुद्र नाही. मुंबईचा किनारा इथून आठशे किलोमीटर लांब. तरी आपल्याकडच्या काही अ‍ॅक्वेरियम दुकानांत समुद्री खेकडा मिळतो. बहुतेक वेळा शंख पाठीवर घेऊन फिरणारा, ज्याला हर्मिट क्रॅब म्हणतात तो. दिसायला मजेशीर, म्हणून लेकरं हट्ट करतात आणि बाप खिशात हात घालतो. कसा ठेवायचा असं विचारलं की उत्तर तयार असतं. "काई नाई होत भाऊ. पाण्यात दोन मुठी मीठ टाका, वरून दाणे टाका. पोट्टे खूश!"

ही सरळ फसवणूक आहे. ग्राहकाचीही आणि त्या जिवाचीही. आणि ती करायला आपल्याकडे जवळपास मोकळं रान आहे, हा माझा मुद्दा आहे.

आधी त्या दोन मुठींचा हिशोब करू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे ५० लिटरच्या लहानशा टाकीला पावणेदोन किलो. तेही किराणा दुकानातलं मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात साध्या मिठासोबत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही असतं, आणि खेकड्याचं कवच कॅल्शियमशिवाय बनत नाही. त्यासाठी अ‍ॅक्वेरियमचं वेगळं मीठ येतं. ते क्लोरीन काढलेल्या, शक्यतो आरओच्या पाण्यात कालवायचं आणि खारटपणा मोजायच्या यंत्राने तपासायचं. आपल्या नळाला पेंचचं पाणी येतं, ते माणसांसाठी शुद्ध केलेलं. त्यातलं क्लोरीन आपल्याला वाचवतं, टाकीतल्या जिवाला मारतं.

आता आपला उन्हाळा. पाणी उडतं, मीठ उडत नाही. त्याच ५० लिटरमधून ५ लिटर पाणी उडालं की खारटपणा ३५ वरून जवळपास ३९ वर जातो. अशा वेळी गोडं पाणी टाकून भर करायची असते. पण दुकानात काही सांगितलंच नसेल तर माणूस परत मिठाचं पाणी ओततो. टाकीचं लोणचं होतं.

आणि गरमी? बहुतेक समुद्री टाक्या २४ ते २७ अंशांच्या आसपास ठेवाव्या लागतात. आपल्या शहराने मे २०१३ मध्ये ४७.९ अंश पाहिले आहेत. (२०२४ च्या मे महिन्यात गाजलेला ५६ चा आकडा यंत्राचा बिघाड निघाला, तो सोडून द्या.) पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी. म्हणजे टाकीला चिलर पाहिजे, आणि लाइट गेली तर हवेचा पंप चालवायची काहीतरी सोय पाहिजे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरीचं पाणी घराघरात शिरलं तेव्हा किती वस्त्या अंधारात होत्या ते आठवा.

सगळ्यात मोठी लबाडी याच्या पुढे आहे. टाकी आणि खेकडा एकाच दिवशी, एकाच बिलावर विकतात. तेही बिल दिलं तर! नव्या टाकीत प्राण्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विष असतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत त्यात जीव सोडायचाच नसतो. हे ज्याला माहीत नाही त्याने दुकान टाकू नये. ज्याला माहीत असून तो सांगत नाही, त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

अजून काही गोष्टी, ज्या दुकानात क्वचितच ऐकायला मिळतात:

– शंखातल्या खेकड्यांत दोन तऱ्हा आहेत. एक पाण्यातच राहणारा, दुसरा किनाऱ्यावर जमिनीवर फिरणारा. जमिनीवरच्याला पाण्यात बुडवून ठेवलं तर तो गुदमरून मरतो. पाण्यातल्याला कोरडं ठेवलं तर तो मरतो. आपण काय विकतोय हे दुकानदाराला ठाऊक आहे का, विचारून बघा.

– खेकडा वाढताना कात टाकतो. त्या काळात तो लपून बसतो, हालत नाही, खात नाही. लोक मेला समजून जिवंत खेकडा फेकून देतात. किंवा टाकलेलं रिकामं कवच बघून मेला म्हणतात.

– वाढणाऱ्या हर्मिट क्रॅबला मोठा शंख लागतो. म्हणून टाकीत वेगवेगळ्या मापाचे रिकामे शंख ठेवावे लागतात. रंगवलेले नाहीत, साधे.

– माशांच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं. मासा वाचतो, खेकडा जातो.

– खेकडा आता नको झाला म्हणून फुटाळ्यात किंवा अंबाझरीत सोडणं ही दया नाही. समुद्रातला खेकडा गोड्या पाण्यात तडफडून मरतो.

कुणी म्हणेल, हौसेला मोल नसतं, तुला काय करायचं? जे अभ्यास करतात, महिनाभर टाकी तयार करतात, पाणी मोजतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. चांगल्या सोयीत खेकडा बरीच वर्षं जगतो. माझं भांडण जिवंत प्राणी शोपीससारखा विकणाऱ्यांशी आहे. घरगुती पैदाशीचा धंदा यात जवळपास नाहीच. हर्मिट क्रॅबची पिल्लं आधी समुद्रात तरंगत वाढतात, ती टाकीत जगवणं महाकठीण. त्यामुळे दुकानातला जवळजवळ प्रत्येक खेकडा कुठल्यातरी किनाऱ्यावरून उचललेला असतो. इथे तो आठवड्यात मेला की दुकानदार म्हणतो, दुसरा घेऊन जा. धंदाच त्याच्या मरण्यावर चालतो.

दुसरा हमखास प्रश्न: "तुम्ही खेकड्याचा रस्सा वरपता ना?" हो, वरपतो. पावसाळ्यात नदीनाल्यातले खेकडे आपल्या विदर्भात आवडीने खातात, मीही खातो. खाण्यासाठी झटक्यात मारणं आणि करमणूक म्हणून पंधरा दिवस विषारी पाण्यात ठेवून मारणं, यात फरक आहे. बकरं खाणारा माणूससुद्धा बकऱ्याला उपाशी बांधून ठेवत नाही.

आणि खेकड्याला काय कळतं, असं म्हणू नका. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ च्या सुमारास हर्मिट क्रॅबवर प्रयोग केले. शंखात सौम्य विजेचा झटका दिला की काही खेकडे शंख सोडून बाहेर यायचे. पण शंख त्यांच्या आवडीच्या जातीचा असला तर ते सहजी सोडत नसत. म्हणजे तो झटका आणि घर यांचा काहीतरी हिशोब मांडत होता. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकडे, झिंगे यांना संवेदना असलेले प्राणी मानलं.

आता आपला कायदा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. खेकडाही आला! पाळलेल्या प्राण्याला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा? पहिल्या वेळी कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये दंड. एक प्लेट तर्री-पोहे अन् चहा, झाले ५०.

केंद्राने मे २०१७ मध्ये खास अ‍ॅक्वेरियम दुकानांसाठी नियम आणले होते. काचेच्या गोल भांड्यात मासे ठेवायला बंदी, १५८ जातींच्या विक्रीवर बंदी, असं बरंच त्यात होतं. व्यापाऱ्यांनी ओरड केली, आणि ते नियम मागे घेतले गेले. काही अटी लहान दुकानदाराला जाचक होत्या, हे मान्य. मग त्या सुधारायच्या होत्या. सगळंच गुंडाळून ठेवलं. त्यानंतर २०१८ मध्ये पेट शॉपचे नियम आले. त्यात कुत्रा, मांजर, ससा, पक्षी यांची नावं आहेत, खेकडा "इतर प्राणी" या शब्दांत कसाबसा बसतो. नोंदणी आहे का, तपासणी कधी झाली, हे आपल्यापैकी कुणी कधी विचारलं?

मराठी माणसाला खेकडा म्हटलं की टोपलीची गोष्ट आठवते, एक वर चढला की दुसरा पाय ओढतो म्हणे. खेकड्यांना टोपलीत भरलं कुणी, हे मात्र त्या गोष्टीत कुणी विचारत नाही. आपण विचारू.

मागण्या सोप्या आहेत.

१) जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीने शहरातली अ‍ॅक्वेरियम दुकानं तपासावी आणि नोंदणी असलेल्यांची यादी लोकांसमोर लावावी.

२) समुद्री प्राणी विकताना जातीचं नाव, लागणारा खारटपणा, तापमान आणि खाणं यांचा मराठीत छापील कागद सक्तीचा करावा. टाकी आणि प्राणी एकाच दिवशी विकायला बंदी असावी.

३) पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, म्हणजे आपलं माफसू, याच शहरात आहे. तेलंगखेडीला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. त्यांनी दुकानदारांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं. ज्ञान फुटाळ्याच्या बाजूला आणि अज्ञान बाजारात, हे बरं नाही.

४) आपल्या खासदारांनी त्या ५० रुपयांबद्दल दिल्लीत तोंड उघडावं.

आणि तुम्ही? दुकानात गेलात तर तीन प्रश्न विचारा. हा पाण्यातला की जमिनीवरचा? टाकी किती आठवडे आधी तयार करायची? खारटपणा कशाने मोजायचा? उत्तर आलं नाही तर पैसे खिशात ठेवा. घेतलंच तर पक्कं बिल घ्या, त्यावर प्राण्याचं नाव लिहून घ्या. चुकीची माहिती देऊन विकलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते. कोकणात फिरायला गेलात तर बाटलीत खेकडा भरून आणू नका. लेकरांना तो तिथेच, वाळूवर पळताना दाखवा.

येत्या सोमवारी मी समितीकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतोय. उत्तर आलं की इथेच टाकतो. नाही आलं तर तेही टाकतो.