क्रेडिट बँकेत आहेत, पण दुसऱ्या राज्यात वटतील का?

वडोदरा : एके काळी हा प्रश्नच नव्हता. १८८१ साली सुरू झालेलं बडोदा कॉलेज १९४९ पर्यंत मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं, आणि पुण्याचं फर्ग्युसनही तोवर मुंबईकडेच होतं. मुलगा ‘इंटर’ झाला म्हणजे काय, हे दोन्हीकडे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. १९४९ मध्ये इथे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि तिकडे पुणे विद्यापीठ उभं राहिलं, वाटा वेगळ्या झाल्या. एफवाय, एसवाय, टीवाय ही बोली मात्र आजही दोन्हीकडे तीच आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर मार्कशीटवर विषयाच्या नावाशेजारी कोड, क्रेडिट आणि लेव्हल यांना महत्त्व आलं. नंदुरबार-नवापूरकडून गुजरातेत शिकायला आलेली मुलं, किंवा बदली झाली म्हणून वडोदऱ्याहून नाशिक-पुण्याला परतणारी कुटुंबं नेमकी इथेच अडखळतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात आकड्यांचा हिशेब सोपा ठेवला आहे. १०० ते १९९ म्हणजे पायाभूत कोर्स, २०० ते २९९ मधल्या पातळीचे, ३०० ते ३९९ मुख्य विषयात खोल जाणारे आणि ४०० च्या पुढचे चौथ्या वर्षाचे. ५०० पासून एमए-एमकॉम सुरू होतं, ७०० पासून पीएचडी. १०० च्या खालचा नंबर दिसला तर सावध व्हावं. तो पूर्वतयारीचा कोर्स असतो, त्यात फक्त पास-नापास, क्रेडिट शून्य. पूर्वी कॉलेजं ज्याला ब्रिज कोर्स म्हणत, तेच हे.

लेव्हल हा वेगळा आकडा आहे आणि गोंधळ इथेच जास्त होतो. ४.५ म्हणजे पदवीचं पहिलं वर्ष, ५ दुसरं, ५.५ तिसरं, ६ चौथं. कोर्सचा नंबर एका विषयाची खोली सांगतो, लेव्हल विद्यार्थी शिडीच्या कितव्या पायरीवर आहे ते सांगते. दुसऱ्या वर्षाच्या मुलाने १०० च्या घरातला एखादा कोर्स घेतला तर तो मागे पडला असं होत नाही.

खरी अडचण अक्षरांची आहे. आकड्यांची चौकट दिल्लीची असली तरी कोड प्रत्येक विद्यापीठ आपापल्या पद्धतीने बनवतं. इथे ज्याला ‘मल्टिडिसिप्लिनरी’ म्हणतात, त्याच्या जवळपासची जागा महाराष्ट्रात ‘ओपन इलेक्टिव्ह’ घेतं. ‘व्हॅल्यू ॲडेड’च्या जागी तिकडे ‘व्हॅल्यू एज्युकेशन’ दिसतं. तीन वर्षांच्या पदवीला आयोग किमान १२० क्रेडिट मागतो, महाराष्ट्र १२० ते १३२ मध्ये कुठेही थांबू देतो. दोन मार्कशीटांवर नाव सारखं असेल, पण आतला अभ्यासक्रम तोच असेलच असं नाही. म्हणून तुलना कोडची करून उपयोग नाही. सिलॅबसची प्रत, क्रेडिट आणि तासांची संख्या (थिअरीला एका क्रेडिटमागे १५ तास) हे तीन कागद हाती हवेत.

‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ २०२१ मध्ये सुरू झाली, तेव्हा बऱ्याच पालकांना वाटलं की काम झालं. पण खात्यात जमा असणं आणि समोरच्या विद्यापीठाने ते मान्य करणं, यात चेक खिशात असणं आणि तो वटणं इतका फरक आहे. शिवाय २०२१ च्या नियमावलीतली एक अट फार कमी घरांत माहीत आहे : पदवी देणाऱ्या संस्थेतूनच किमान निम्मे क्रेडिट मिळवावे लागतात. आता हिशेब करा. वडोदऱ्यात दोन वर्षं काढून ८० क्रेडिट घेतलेला मुलगा तिसऱ्या वर्षाला पुण्यात गेला, तर १२० पैकी तिकडचे उरतात ४०, म्हणजे एक तृतीयांश. निम्म्याची अट तीन वर्षांच्या पदवीत बसतच नाही. चार वर्षांच्या १६० मध्ये मात्र ८० आणि ८० अशी ती काठावर बसते. पहिल्याच वर्षानंतर बदल केला तर अडचण येत नाही.

शिक्षण मध्येच सोडायची वेळ आलीच, तर पहिल्या वर्षाच्या ४० क्रेडिटवर सर्टिफिकेट मिळतं. त्यासाठी उन्हाळ्यात चार क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स वेगळा करावा लागतो. परत यायला तीन वर्षांची मुभा आहे आणि सगळं मिळून सात वर्षांत पदवी संपवायची आहे.

बदलीची ऑर्डर काही सेमिस्टर बघून येत नाही. त्यामुळे दाखला काढण्याआधी जिथे जायचं त्या विद्यापीठाकडून कोणते क्रेडिट धरणार आणि कोणते सोडणार, याचं लेखी उत्तर घ्यावं. तोंडी ‘हो जाईल’वर इथली फी आणि तिथलं वर्ष, दोन्ही जाऊ शकतं.