गुन्हा त्याचा, शिक्षा तिला

दहावीतली एक मुलगी शाळेत यायची बंद झाली. विश्रामबागच्या रस्त्यावर एक मुलगा रोज तिच्या मागे येई आणि मोबाइलवर एकतर्फी प्रेमाची गाणी वाजवी. मी तिच्या घरी गेले. अब्बा म्हणाले, "मॅडम, या गाण्यांनीच पोरं बिघडली." मग शाळा मुलीची का सुटली?

सगळी गाणी सारखी नसतात. आपल्याच जिल्ह्यातील दुधगावचे गझलकार इलाही जमादार (१९४६–२०२१) यांच्या एका संग्रहाचे नाव 'जखमा अशा सुगंधी'. ही जखम प्रेम करणारा स्वतः सोसतो. १९९३ च्या 'डर'मध्ये मात्र नकारानंतरही पाठलाग करणाराच लोकांनी डोक्यावर घेतला. २०१३ पासून असा पाठलाग गुन्हा आहे. आज भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ तेच सांगते. हे आपल्या किती घरांत ठाऊक आहे?

गझल बंद करू नका, ती नीट शिकवा. नकार पचवणे हाही प्रेमाचा अदबच आहे, हे मुलाला घरातच सांगा. त्याच्या हुकलेल्या प्रेमावर गाणी होतात. तिच्या हुकलेल्या दहावीचे काय?