हसली की पडते

सुनेची झोप आपल्या समाजात तिच्या मालकीची कधीच नसते. सर्वांच्या मागून निजायचे आणि सर्वांच्या आधी उठायचे, हा न लिहिलेला कायदा. दुपारी जरा डोळा लागला की ‘घरात लक्ष नाही हिचे’ असा शिक्का बसतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकामात घालवतात आणि पुरुष ९७, असे दिसले. गोंडपिपरीसारख्या जंगलपट्टीत यावर आणखी भर पडते. मोहफुलाच्या दिवसांत पहाटेचे रान, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात कंबर मोडेपर्यंत रोवणा. त्यामुळे एखादी बाई ‘मला सारखी झोप येते’ म्हणाली तर कोणी दचकत नाही. थकली असेल, अंगात रक्त कमी असेल. बहुतेक वेळा ते खरेही असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, आणि सिकलसेल तर आपल्या जिल्ह्यांच्या पाचवीलाच पुजलेला.

पण गोळ्या खाऊन, रक्त वाढून, रात्रभर झोपूनही जी झोप हटत नाही, तिचे काय? भाकरी थापता थापता, बोलता बोलता, बसमध्ये उभ्या उभ्या येणारी झोप? तिला नार्कोलेप्सी म्हणतात. १८८० मध्ये झेलिनो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हे नाव दिले. त्याचा रोगी दारूच्या पिंपांचा व्यापारी होता. कारण कळायला पुढे शंभराहून जास्त वर्षे लागली. आपल्याला जागे ठेवणारे हायपोक्रेटिन किंवा ओरेक्सिन नावाचे द्रव्य मेंदूत तयार होते. त्याचा शोध १९९८ मध्ये लागला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत स्पष्ट झाले की या आजाराच्या नेहमीच्या प्रकारात ते तयार करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. म्हणजे हा आळस नाही, नाटक नाही आणि मनाचा कमकुवतपणाही नाही. आजार बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो. लाखामागे २५ ते ५० माणसांना तो असावा असा जगभरचा ढोबळ अंदाज आहे. त्या हिशोबाने आपल्यासारख्या लहानशा तालुक्यातही वीस-चाळीस जण निघावेत. ते कुठे आहेत? ‘झोपाळू’, ‘ठोंबी’, ‘कामचुकार’ अशा नावांखाली आपल्या आसपासच आहेत.

या आजाराचे एक लक्षण मला फार क्रूर वाटते. पुष्कळ रोग्यांना खळखळून हसू आले की अंगातला जोर एकदम जातो. गुडघे वाकतात, मान लटकते, जबडा सैल पडतो, कधी माणूस जमिनीवर कोसळतो. काही सेकंद, फार तर दोन-एक मिनिटे. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. राग, दचकणे यांनीही ते होते, पण सर्वात जास्त हसण्याने. आणि त्या वेळी शुद्ध हरपत नाही. जमिनीवर पडलेली बाई सगळे ऐकत असते. ‘ढोंग करते’, ‘अंगात आलं’, ‘मिरगी आहे, लग्नाआधी लपवली’, सगळे.

मुळात बाईच्या हसण्यावर आपल्याकडे पहारा कमी नाही. मोठ्याने हसू नये, दात दाखवू नयेत, पुरुषांसमोर तर नाहीच. त्यात हसल्यावर पडण्याची भीती आली की ती बाई काय करते? हसणेच सोडून देते. हळदीला गाणी सुरू झाली की आत भांडी घासायला जाते. दिवाळीनंतर गावोगावी झाडीपट्टीची नाटके लागतात, रात्रभर मंडप भरलेला असतो, विनोदी पात्राची एंट्री झाली की बाया पोट धरून हसतात. ही मात्र घरी राहते. लोक म्हणतात, फार गर्वाची आहे.

आमच्या बचत गटांच्या बैठकांना येणारी अशी एक मैत्रीण आहे. नाव-गाव मुद्दाम देत नाही. सहा-सात वर्षे तिच्यावर मिरगीचा शिक्का होता, मधे दोन मांत्रिकही होऊन गेले. निदान झाल्यावर तिने गटात स्वतःहून सांगितले आणि सांगतानाच पहिला विनोद केला: ‘कुंभकर्णाले उठवाले ढोल-नगारे लागत. मले सासूबाईचा एक शब्द पुरते.’ बाया हसल्या, तीही हसली, आणि शेजारणीच्या खांद्यावर कलंडली. एक मिनिट शांतता. मग तिनेच डोळे उघडून विचारले, ‘अध्यक्षबाई, पडलो म्हणून दंड लावता का?’ त्या दिवसापासून गटाचा एक नियम झाला. तिला आधी भिंतीला टेकवून बसवायचे, मगच गंमत सांगायची. मोह वेचायला ती एकटी जात नाही, कारण वाघाच्या रानात झाडाखाली डोळा लागणे म्हणजे काय हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. विहिरीवर सोबत कोणी तरी असते. तळणाचे काम दुसरी करते. हे सगळे कोणत्याही समुपदेशनाच्या पुस्तकात न पाहता बायांनी ठरवले आहे, आणि मला विचाराल तर एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत शिकलेल्या बऱ्याच गोष्टींपेक्षा ते जास्त शहाणपणाचे आहे.

आमच्याच काही कार्यकर्त्या मैत्रिणींना हे पटत नाही. त्या म्हणतात, आजाराची चेष्टा झाली की त्याचे गांभीर्य जाते. समाज आधीच हसतो, त्यात आपण कशाला हसायचे? ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. कुंभकर्ण हे नाव तिला आधी गावानेच दिले होते आणि तेव्हा ते झोंबत होते. पण तो विनोद तिने स्वतःच्या हातात घेतला, त्यात सासूला ओढले, ढोल-नगाऱ्याचा खर्च काढला, तेव्हा गावाच्या हातचे एक हत्यार कमी झाले. जात्यावर आणि रोवण्याच्या बांधीत सासू-नणंदांचे वाभाडे काढणाऱ्या बायांना ही युक्ती नवी नाही. विनोदाची सुरुवात कोण करते आणि तो थांबवण्याचा हक्क कोणाला आहे, एवढे पाहिले पाहिजे. ती गप्प असेल त्या दिवशी कोणी कुंभकर्ण म्हणायचे नाही, हेही गटात ठरलेले आहे.

मला काळजी वेगळी वाटते. बाया हसून वेळ मारून नेण्यात पटाईत असतात. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाला, आणि आधी कधी तपासणी-उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बाकीच्या मुकाट सोसत कामाला जात होत्या. झोपेचे तसेच होऊ नये. विनोदाने धीर येतो, निदान होत नाही. निदानासाठी एक रात्र आणि पुढचा दिवस झोपेच्या प्रयोगशाळेत काढावा लागतो, दिवसा दर दोन तासांनी झोपवून किती मिनिटांत आणि कसली झोप लागते ते मोजतात. ही सोय मोठ्या शहरांत. गोंडपिपरीहून मजुरी बुडवून, सोबत एक माणूस घेऊन जायचे म्हणजे काय हिशोब होतो, तो करून पाहावा. आजार पुरता बरा होत नाही; मोडाफिनिलसारख्या औषधांनी दिवसाची झोप आवरते, काही जुन्या नैराश्यविरोधी औषधांनी कोसळणे कमी होते, दुपारी ठरवून घेतलेल्या दोन डुलक्यांचाही उपयोग होतो. पण सुनेला दुपारी झोपू देणारे घर कुठल्या दुकानात मिळते?

आणखी एका गोष्टीबद्दल बोलायला हवे. या रोग्यांना झोप लागताना किंवा जाग येताना अंग हलवता येत नाही, खोलीत कोणी आहे असे दिसते, छातीवर बसल्यासारखे वाटते. आपल्या भागात अशी तक्रार भगताकडे गेली की पुढचा प्रश्न येतो: कोणी केले? आणि उत्तरात बहुधा एखादी विधवा, एखादी म्हातारी असते. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या बायका-पुरुषांना भर चौकात बांधून मारले गेले. त्या प्रकरणाचा झोपेच्या आजाराशी संबंध होता असे मी म्हणत नाही. पण २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा असूनही संशय कसा पेट घेतो, ते त्यातून दिसते. एका बाईच्या न ओळखलेल्या आजाराची शिक्षा दुसऱ्या बाईला होऊ शकते.

कायद्याची गाडी हळू चालते. हिंदू विवाह कायद्यात मिरगीचे वारंवार झटके हा लग्नातला दोष मानला जात होता. तो शब्द १९९९ मध्ये निघाला. गावाच्या मनातून अजून निघालेला नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या यादीत सिकलसेल आला, नार्कोलेप्सीचे नाव त्यात नाही. दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार अशा मोघम शब्दांत ती बसवता येईल का, यासाठी भांडावे लागेल.

तोपर्यंत निदान एवढे तरी व्हावे. आशाताईंच्या प्रशिक्षणात दोन प्रश्न घालावेत: ‘पुरेशी झोप होऊनही दिवसा झोप आवरत नाही का?’ आणि ‘हसल्यावर हातापायातला जोर जातो का?’ दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारी बाई किंवा शाळकरी मुलगी सापडली, तर तिला मिरगीच्या गोळ्या देऊन परत पाठवू नये. मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवावे आणि सोबतच्या माणसासह प्रवासखर्च द्यावा. ग्रामीण रुग्णालयाच्या कागदावर हे लिहून घेण्यासाठी आम्ही गटातर्फे अर्ज तयार केला आहे. सह्यांसाठी तो सध्या गावोगाव फिरतो आहे. पहिला अंगठा तिच्या सासूबाईंचा आहे.