पेला लहान, ताट मोठं

बाळाचा पहिला वाढदिवस झाला की घरात एक वाद हमखास उभा राहतो. आमच्याही घरी राहिला. नातीला पाचव्या महिन्यापासून अंगावरचं दूध पुरेनासं झालं, तेव्हापासून ती डब्याच्या दुधावर होती. वर्ष पूर्ण झालं त्या आठवड्यात सुनेने विचारलं, "आई, आता डबा बंद करून गाईचं दूध सुरू करायचं का?" आणि स्वयंपाकघरात दोन पक्ष पडले. विहीणबाई म्हणाल्या, "दोन वर्षांपर्यंत डबा सोडू नका हं, त्यात सगळं असतं." माझ्या सासूबाई, म्हणजे बाळाच्या पणजी, म्हणाल्या, "डबा हवाय कशाला? रतीब वाढवा. दूध म्हणजे पूर्णान्न. पोर पोटभर दूध पिऊ दे."

दोघींची माया मला दिसते. दोघींचं म्हणणं मात्र मला पटत नाही. माझं मत असं : वर्षाच्या निरोगी मुलाचा डबा खुशाल बंद करावा, त्याला गाईचं दूध द्यावं, पण डब्याने रिकामी केलेली सगळी जागा दुधाला देऊ नये. ती जागा ताटाची आहे.

आधी डब्याच्या बाजूचं सर्वांत बळकट म्हणणं घेते, कारण त्यात तथ्य आहे. तान्ह्या बाळासाठीचं डब्याचं दूध आईच्या दुधाच्या जवळ जावं अशा बेताने बनवलेलं असतं. आईच्या १०० मिली दुधात प्रथिनं एक ग्रॅमच्या आसपास असतात, गाईच्या दुधात तीन ग्रॅमच्या वर. क्षारही गाईच्या दुधात जास्त. वासराला भराभर वाढायचं असतं, त्याला ते लागतंच. तान्ह्या बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर मात्र त्याचा भार पडतो. शिवाय पहिल्या वर्षात गाईच्या दुधाने काही बाळांच्या आतड्यांतून डोळ्यांना न दिसणारं रक्त झिरपतं. म्हणून ‘आमच्या वेळी तिसऱ्या महिन्यापासून गाईचं दूध पाजायचो, काय बिघडलं?’ हा आमच्या पिढीचा युक्तिवाद मी टाकून देते. त्या वयात आईचं दूध, आणि ते पुरत नसेल तर डॉक्टरांना विचारून डबा, हेच योग्य.

पण चार महिन्यांच्या बाळाचं कारण चौदा महिन्यांच्या मुलाला लावायचं, इथे विहीणबाईंची चूक होते. वर्षाचं मूल म्हणजे थोरलं झालेलं तान्हं बाळ नव्हे. त्याची मूत्रपिंडं, आतडी सावरलेली असतात, दात आलेले असतात, ते वरण-भात, पोळीचा कुस्करा, केळं खाऊ लागलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली बालआहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आईचं दूध न मिळणाऱ्या १२ ते २३ महिन्यांच्या मुलांना जनावराचं दूध द्यावं आणि मोठ्या बाळांसाठी म्हणून विकली जाणारी ‘पुढच्या टप्प्यांची’ दुधं देण्याची शिफारस नाही, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. हे काही काल सुचलेलं नाही. अशा पुढच्या टप्प्यांच्या दुधाची गरज नाही, असा ठराव जागतिक आरोग्य सभेने १९८६ सालीच केला होता.

मग घराघरांत ‘दोन वर्षांपर्यंत डबा’ हे आलं कुठून? दुकानात जाऊन डबे ओळीने पाहा. १, २, ३, ४ असे ठळक आकडे असतात. सहा महिन्यांपर्यंत एक, वर्षापर्यंत दोन, दीड वर्षापर्यंत तीन, दोन वर्षांपर्यंत चार. आपल्याकडे अशा दुधाबद्दल १९९२चा कायदा आहे. २००३च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या अशा दुधाची जाहिरात करता येत नाही. जाहिरातीला बंदी असली, तरी आकडा न बोलता तेच काम करतो. दुसरा डबा संपला की आईला वाटतं, आता तिसरा घ्यायचा. शाळेत दुसरीनंतर तिसरी येते, तसं. सुनेनेही मला तो आकडा दाखवूनच विचारलं होतं, "तीन नंबरचा आणायला हवा ना?" तिचा दोष नाही. पायऱ्या दाखवल्या की माणूस चढतोच.

खर्चाचंही बोललं पाहिजे. दिवसाला अर्धा लिटर दूध कालवायला साधारण ६५ ग्रॅम भुकटी लागते. म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा सहा दिवसांत संपतो, महिन्याला पाच डबे. हे पैसे काढताना मग अंडी, फळं, मासे यांना कात्री लागते. कुणी ओढाताणीच्या घरातली आई डबा पुरावा म्हणून भुकटी कमी आणि पाणी जास्त घालते, आणि मूल उपाशी राहतं. ज्याची गरज नाही त्यासाठी ज्याची गरज आहे ते कापायचं, हा हिशेब मला सहन होत नाही.

आणि डब्यात असतं तरी काय? घटकांची यादी वाचा, बहुतेक डब्यांचा पाया दुधाचाच असतो. आपल्या देशात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात म्हशीच्या दुधापासून बाळांसाठी भुकटी बनवण्याची पद्धत बसवली आणि आणंदच्या सहकारी संघाने ती बाजारात आणली. जे दूध आपल्या गोठ्यात होतं, तेच वाळवून, बदलून डब्यात आलं. तो बदल तान्ह्या बाळासाठी मोलाचा होता. वर्षाच्या मुलाला तो लागत नाही.

आता सासूबाईंकडे वळते. डब्याविरुद्ध मी बोलले तेव्हा त्या खूश झाल्या होत्या, पण माझा खरा विरोध त्यांच्या मताला जास्त आहे. कारण डब्याने बहुतेक वेळा पैसे जातात, ‘पूर्णान्ना’ने रक्त जातं.

आमच्या गल्लीत एक मुलगा होता, दीड वर्षाचा. गुटगुटीत, गोरापान. येणारीजाणारी त्याचं कौतुक करायची, त्याची आजी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढायची. पोळीचा तुकडा तोंडात घातला की थुंकायचा. पण दिवसाला सहा बाटल्या दूध प्यायचा आणि घरच्यांना त्याचा अभिमान होता. एक दिवस तो भिंतीचा पोपडा नखाने काढून खाताना मी पाहिला आणि त्याच्या आईला म्हटलं, याला डॉक्टरांकडे ने. मीही सोबत गेले. डॉक्टरांनी खालची पापणी अंगठ्याने ओढली. आत लाली असायला हवी तिथे कागदासारखं पांढरं होतं. हिमोग्लोबिन सहाच्या घरात निघालं. या वयात ते अकराच्या खाली असू नये. ज्याला आम्ही सगळे गोरेपण म्हणत होतो, ते रक्त नसणं होतं. तो दिवस मी विसरले नाही.

कारण सोपं आहे. एक लिटर गाईच्या दुधात लोह असतं जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. एक ते तीन वर्षांच्या मुलाला आहारातून दिवसाला आठ मिलिग्रॅम लागतं, असं आपल्याच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं २०२०चं कोष्टक सांगतं. त्यातून दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिनं दुसऱ्या अन्नातलं लोहही नीट अंगी लागू देत नाहीत. आणि दुधाने टम्म भरलेल्या पोटात वरण-भाताला जागाच उरत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण देशात ६७ टक्के आणि आपल्या महाराष्ट्रात जवळजवळ ६९ टक्के निघालं. दहांत सात मुलं. त्या सगळ्यांचं कारण दूध नाही, गरिबी आहे, जंत आहेत, आईचाच रक्तक्षय आहे. पण सुखवस्तू घरातल्या गुटगुटीत मुलाला रक्तक्षय होतो, तेव्हा मी आधी विचारते, दूध किती पितो?

दूध चांगलंच आहे. अर्ध्या लिटरात सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं आणि या वयाची गरज पाचशेची आहे. म्हणजे अर्ध्या लिटराच्या आतच दुधाचं काम होऊन जातं. त्यापुढचा प्रत्येक पेला ताटातल्या घासाच्या जागेवर बसतो.

बाकीच्या समजुतींचा थोडक्यात निकाल लावते. दुधात पाणी घालून ‘हलकं’ करायची वर्षाच्या मुलाला गरज नाही. त्याने दूध पचायला सोपं होत नाही, फक्त ताकद कमी होते. साखरही नको. म्हशीच्या दुधाने बुद्धी जड होते, ही निव्वळ कल्पना आहे. त्यात स्निग्धांश जास्त म्हणून ते थोडं कमी पुरतं, एवढंच. धारोष्ण दूध मात्र कधीही देऊ नये. ब्रुसेलोसिस आणि क्षयाचे जंतू कच्च्या दुधातून येतात. पिशवीचं दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलेलं असतं ते याच भीतीने. रतिबाचं दूध उकळलंच पाहिजे. आणि दोन वर्षांच्या आत दूध सायीसकट द्यावं. तुपासाठी साय काढत असाल, तर ते तूप मुलाच्या मऊ भातावर पडलं पाहिजे.

डब्याच्या बाजूचा एक मुद्दा अजून उरतो, आणि तो खरा आहे. डब्यात लोह घातलेलं असतं. डबा थांबला की ते थांबतं. म्हणूनच डबा बंद करण्याचा दिवस हा ताट भरण्याचा दिवस असला पाहिजे. आमच्या घरी नाचणीची पेज, मऊ शिजवलेली मोडाची मटकी, पूर्ण उकडलेलं अंडं, काटे नीट काढलेला मासा हे आलटून पालटून असतं, आणि वरणावर लिंबू न चुकता पिळलेलं असतं, कारण आंबटातलं क जीवनसत्त्व लोह अंगी लावतं. चहा आणि दुधात बुडवलेलं बिस्किट हे जेवण नव्हे. शिवाय ‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिली लोहाचं औषध द्यायचं असतं. आशाताईंना, अंगणवाडीत विचारा. ते गरिबांसाठी आहे असं समजून कुणी मागे राहू नये.

बदल आम्ही दहा-बारा दिवसांत केला. नेहमीसारखं कालवून तयार केलेलं डब्याचं दूध तीन भाग आणि उकळून कोमट केलेलं गाईचं एक भाग, तीन-चार दिवसांनी निम्मं निम्मं, मग उलट. कोरडी भुकटी गाईच्या दुधात मिसळायची नाही, ते फार दाट होतं. पहिले दोन दिवस तिने तोंड वाकडं केलं, शी थोडी घट्ट झाली, पाणी आणि पपई वाढवल्यावर ठीक झाली. कठीण गेलं ते बाटली सोडवणं. मी माळ्यावरून चांदीचं जुनं बोंडलं काढलं, पण ते तान्ह्यांचं. तिला आपल्या हाताने धरायचं होतं. शेवटी लहान स्टीलचं फुलपात्र तिला आवडलं. निम्मं दूध अंगावर सांडायचं. सांडू दिलं. झोपेतली बाटली सुनेने निर्धाराने बंद केली, कारण दूध तोंडात राहून पुढचे दात किडतात. तीन रात्री रडारड झाली, चौथ्या रात्री झोपली.

काही मुलांना हे लागू नाही. वेळेआधी जन्मलेलं, वजन न वाढणारं, गाईच्या दुधाची अॅलर्जी असलेलं, म्हणजे दूध पिऊन अंगावर गांधी उठणारं किंवा शीतून रक्त जाणारं मूल असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नये. अॅलर्जी असलेल्या मुलाला देशी गाईचं दूधही चालत नाही. बदामाचं पाणी दुधासारखं दिसतं, दुधाची जागा घेत नाही. आणि ज्या आईला अजून दूध आहे तिने दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही पाजावं. त्या मुलाला वरचं दूध आणखी कमी पुरतं.

आता आमच्याकडे सकाळी एक फुलपात्र, संध्याकाळी एक, आणि दुपारी वाटीभर दही. सासूबाईंना ते अजून कमी वाटतं. काल त्यांनी स्वतःच तिला मटकीचा वरण-भात भरवायला घेतला. तिने चमचा बाजूला सारला, पाची बोटं ताटात घातली आणि भात कोपरापर्यंत माखून खाल्ला. सासूबाईंनी दुधाचा पेला पुढे केला, तिने मान फिरवली. मी म्हटलं, "राहू दे आई, पोट भरलंय तिचं." त्यांनी तिची खालची पापणी हलकेच ओढून पाहिली, मग पेला ओट्यावर ठेवला.