वाय-फायची किल्ली कोणाकोणाच्या खिशात?

चातुर्मासात घरी पाहुण्यांची ये-जा वाढली की एक प्रश्न हमखास विचारला जातो : वाय-फायचा पासवर्ड काय आहे? त्याचे उत्तरही बहुतेक घरांत ठरलेले असते : तो धाकट्याला माहीत. धाकटा शिक्षणासाठी परगावी असतो, वर्गाच्या वेळी त्याचा फोन बंद असतो, आणि जोडणी ज्या माणसाने बसवून दिली त्याचा क्रमांक कोणी लिहून ठेवलेला नसतो. मग तीन-चार जण आपापल्या आठवणीप्रमाणे शब्द सुचवतात, नव्या फोनवर एकेक करून पाहतात आणि पासवर्ड चुकल्याची सूचना वाचून थांबतात. त्याच वेळी दिवाणखान्यातील टीव्ही, सुनेचा लॅपटॉप, जिन्यातील कॅमेरा आणि आजोबांचा फोन ही सारी उपकरणे त्याच वाय-फायवर निर्वेधपणे चालू असतात. पासवर्ड घरातील माणसे विसरलेली असतात, यंत्रे विसरलेली नसतात.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बँकेचा पासवर्ड विसरला तर बँक जुना सांगत नाही, नवा करायला लावते. नीट बांधलेल्या व्यवस्थेत बँक मूळ शब्द जपून ठेवतच नाही. त्यापासून गणिताने काढलेली एक खूण तेवढी ठेवते, आणि त्या खुणेवरून मूळ शब्द उलटा काढता येत नाही. वाय-फायची रीत निराळी. घरात पाऊल टाकताच फोनने आपण होऊन राउटरशी जोडले जावे, अशी सर्वांची अपेक्षा असते. त्यासाठी तो शब्द फोनला स्वतःपाशी बाळगावा लागतो. तिजोरीच्या किल्लीची एकेक प्रत ज्याच्या ज्याच्या खिशात आहे, त्याच्याकडून ती मागून पाहता येते. येथेही तसेच आहे. फक्त मागणारा घरचाच आहे, याची त्या यंत्राला खात्री पटवावी लागते.

ही खात्री बहुधा बोटाच्या ठशाने किंवा फोनच्या पिनने पटते. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून पुढच्या फोनमध्ये, सेटिंग्जमधील वाय-फायच्या पानावर जोडलेल्या नेटवर्कचे नाव उघडले की ‘शेअर’ हा पर्याय मिळतो. ठसा दिल्यावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा क्यूआर कोड पडद्यावर येतो आणि पुष्कळ फोनमध्ये त्याखाली पासवर्डही अक्षरांत लिहिलेला असतो. पाहुण्याने आपल्या फोनच्या कॅमेऱ्याने तो कोड टिपला की काम झाले. शब्द उच्चारण्याचीही गरज उरत नाही. आयफोनमध्ये ही सोय २०२२ च्या आयओएस १६ पासून आली. तेथे वाय-फायच्या नावापुढील गोलातल्या ‘आय’ या अक्षराला स्पर्श करून ‘पासवर्ड’ या ओळीवर बोट ठेवावे. पेढीवर किंवा घरी विंडोज ११ चा संगणक असेल, तर सेटिंग्ज, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, वाय-फाय या क्रमाने जाऊन जोडलेल्या नेटवर्कची माहिती उघडावी; तेथे सिक्युरिटी की पाहण्याचे बटण असते. विंडोज १० च्या संगणकात वाट थोडी लांबची आहे : कंट्रोल पॅनेलमधील ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’, तेथे वाय-फायच्या नावावर टिचकी, मग ‘वायरलेस प्रॉपर्टीज’, त्यातील ‘सिक्युरिटी’ आणि शेवटी ‘शो कॅरेक्टर्स’ची चौकट.

इतकेही करावे न लागता काम होण्याचा संभव असतो. राउटरच्या तळाशी किंवा पाठीमागे एक चिकटपट्टी असते; कारखान्यातून येतानाचे नाव आणि पासवर्ड तिच्यावर छापलेले असतात. घरात कोणी तो बदलला नसेल, तर तोच आजही चालतो. मात्र ही पट्टी वाचताना पुष्कळांची फसगत होते. मारवाडी पेढ्यांवरील जुन्या वह्या ज्या मुडिया लिपीत लिहिल्या जात, तिच्यात काना-मात्रा नसत. त्यामुळे ‘काकाजी अजमेर गए’ हा मजकूर ‘काकाजी आज मर गए’ असा वाचला गेला, ही गोष्ट जुन्या माणसांनी हसत हसत सांगितलेली अनेकांनी ऐकली असेल. राउटरवरील बारीक अक्षरांत शून्य आणि इंग्रजी ओ, एकचा आकडा, लहान एल आणि मोठा आय यांची गत तशीच होते. शिवाय त्या पट्टीवर पुष्कळदा दोन पासवर्ड असतात : एक वाय-फायचा, दुसरा राउटरच्या अंतर्गत पानात शिरण्याचा. दुसराच पुन्हा पुन्हा टंकून पहिला चुकीचा ठरवला जातो.

आठवणीतला शब्द बरोबर असूनही दार उघडत नाही, असेही घडते. लक्ष्मी हे नाव रोमन लिपीत कोणी एक्स वापरून लिहितो, कोणी के-एस-एच वापरून. शेवटी एक ई की दोन, यावरही घरात एकमत नसते. लहान-मोठी अक्षरे राउटर वेगवेगळी मानतो. फोन मात्र पहिले अक्षर आपल्या मर्जीने मोठे करतो आणि शब्दानंतर एक मोकळी जागाही सोडतो. ती जागा डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला दिसते. म्हणून शब्द टंकताना तो उघडा दिसेल असे डोळ्याचे चिन्ह दाबून ठेवावे.

या सर्व वाटा खुंटल्या, तर राउटरला तारेने संगणक जोडावा. तारेच्या जोडणीला वाय-फायचा पासवर्ड लागत नाही. मग ब्राउझरमध्ये पट्टीवर दिलेला पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ असा, टंकला की राउटरचे अंतर्गत पान उघडते आणि तेथील वायरलेसच्या विभागात पासवर्ड पाहता किंवा बदलता येतो.

शेवटचा उपाय म्हणजे बारीक छिद्रातील रीसेटचे बटण. टाचणीने ते साधारण १० सेकंद दाबून धरले की राउटर कारखान्यातून आल्यासारखा कोरा होतो आणि पट्टीवरचा पासवर्ड पुन्हा लागू पडतो. हा उपाय घाईने करू नये. फायबरच्या अनेक जोडण्यांत सेवा देणाऱ्या कंपनीने दिलेले वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड राउटरमध्येच नोंदवलेले असतात. रीसेटबरोबर तेही पुसले जातात. वाय-फाय मग दिसते, इंटरनेट येत नाही, आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत सारे ठप्प होते. जीएसटीचे मासिक ३बी विवरण भरण्याची मुदत २० तारखेची. १९ तारखेच्या संध्याकाळी टाचणी हातात घेणारा व्यापारी धाडसी म्हणावा लागेल.

टाचणीपेक्षाही महाग पडणारी चूक दुसरीच आहे. पासवर्ड मिळेना, म्हणून कोणी इंटरनेटवर कंपनीच्या मदतकेंद्राचा क्रमांक शोधतो. तेथे खोटे क्रमांक पेरून बसलेल्या टोळ्या असतात. पलीकडचा माणूस अतिशय अदबीने बोलतो, एक ॲप उतरवून घ्यायला सांगतो, आणि त्या ॲपमधून फोनचा पडदा त्याला दिसू लागतो. पडद्यावर येणारा बँकेचा ओटीपीही त्यालाच दिसतो. मदतकेंद्राचा क्रमांक केवळ बिलावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपवरून घ्यावा. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम अडवली जाण्याची शक्यता सर्वाधिक असते. कोणताही पासवर्ड शोधून देतो असे सांगणारी ॲप्सही दूर ठेवलेली बरी. त्यांपैकी काही ॲप्स वापरणाऱ्याच्याच घरचा पासवर्ड सर्वांसाठीच्या सामायिक यादीत टाकून देतात.

पासवर्ड सापडला की घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो आणि विषय तेथेच मिटतो. खरे तर विचार करण्याजोगा भाग तेथून पुढे आहे. जो शब्द घरच्या माणसाला दोन मिनिटांत कोणत्याही जोडलेल्या फोनमधून काढता आला, तो त्या वाय-फायवर कधी काळी आलेल्या प्रत्येकाला तसाच काढता येतो. गेल्या वर्षी सोडून गेलेला मुनीम, दोन महिने राहून गेलेला भाडेकरू, लग्नघाईत आलेला छायाचित्रकार, शेजारचा शाळकरी मुलगा, या सर्वांच्या खिशात किल्लीची प्रत आहे. क्यूआर कोडच्या चौकोनांत नाव आणि पासवर्ड साध्या मजकुराच्या रूपात असतात. तो कोड छापून दुकानाच्या भिंतीवर लावणे म्हणजे पासवर्डच लिहून लावणे होय. तिजोरीच्या किल्ल्यांचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चोख ठेवणाऱ्या, बाजारात हत्ता पद्धतीने रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरलेले पाहिलेल्या घरांनी या एका किल्लीबाबत इतके उदार असावे, हे नवलच आहे.

उदारपणाची किंमत काय असू शकते, हे मुंबईने पाहिले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना जबाबदारी घेणारा ईमेल पोहोचला. शोध घेता घेता पोलीस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका सदनिकेत पोहोचले. तेथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाचा त्या कृत्याशी संबंध नव्हता. त्याच्या असुरक्षित वाय-फायचा कोणी तरी बाहेरून वापर केला होता. तरीही चौकशीला त्यालाच सामोरे जावे लागले. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ईमेल चेंबूरमधील एका कंपनीच्या वाय-फायवरून गेल्याचे निघाले. जोडणी ज्याच्या नावावर, पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो.

रोजच्या व्यवहारात धोका इतका भीषण नसतो, पण तो असतो. अनेक कुटुंबांत दुकानाचे हिशेब आता घरच्या संगणकावरही चालतात. हिशेबाची फाइल घरातील दोन संगणकांत सामायिक ठेवलेली असते, कॅमेऱ्याच्या यंत्राचा पासवर्ड तर बसवल्या दिवसापासून बदललेलाच नसतो. एकाच वाय-फायवरील उपकरणांना एकमेकांची चाहूल लागते, हे ध्यानात घेतले की पाहुण्यांसाठी वेगळी व्यवस्था असावी हे पटते. बहुतेक नव्या राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ नावाची सोय असते. तिच्यावरील पाहुण्याला इंटरनेट मिळते, घरचे संगणक मिळत नाहीत. आतिथ्यात उणेपणा येत नाही.

शेजाऱ्याच्या बाजूनेही हा विषय पाहायला हवा. न दिलेले घेणे, म्हणजे अदत्तादान, हे श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताच्या आड येते. दुसऱ्याला चोरीस प्रवृत्त करणे आणि चोरून आणलेले स्वीकारणे हे त्या व्रताचे अतिचार सांगितले आहेत. मुलाने शेजारच्यांच्या वाय-फायचा कोड गुपचूप टिपून आणला आणि वडिलांनी त्याच्या हुशारीचे कौतुक करीत त्यावर चित्रपट पाहिला, तर त्यात यांतला कोणता अतिचार घडला, हा पाठशाळेत विचारण्याजोगा प्रश्न आहे.

नवा शब्द निवडताना घराघरांत एकच वळण दिसते. बरेच जण स्वतःचा मोबाइल क्रमांक ठेवतात. तो दुकानाच्या पाटीवरच रंगवलेला असतो. दुसऱ्या कोणाचा क्रमांक ठेवला तरी फारसे साधत नाही. भारतातील मोबाइल क्रमांक दहा अंकी असून ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो, परंतु प्रचलित डब्ल्यूपीए२ पद्धतीत फोन आणि राउटर यांच्यातील जोडणीचा संवाद टिपून नेता येतो आणि मग शक्तिशाली ग्राफिक कार्डाचा संगणक सेकंदाला लक्षावधी अंदाज पडताळू शकतो. ४०० कोटी शक्यता काही तासांत संपतात. नवकार, महावीर, १०८ हे तर कुटुंबाची ओळख असलेला कोणीही पहिल्या प्रयत्नात लिहील. या पद्धतीत ८ पासून ६३ अक्षरांपर्यंत पासवर्ड चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार साधे शब्द, ज्यांच्या रोमन स्पेलिंगबद्दल घरात वाद नाही असे, सलग जोडले तर ते आठवायला सोपे आणि ओळखायला अवघड होतात. राउटरमध्ये २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ चा पर्याय असेल आणि घरची उपकरणे ती पद्धत जाणत असतील, तर तो घ्यावा. संवाद टिपून नेऊन अंदाज लावत बसण्याची वाट त्यात बंद होते.

लिहून ठेवण्याबद्दल अनेकांच्या मनात उगाच भीती असते. घरच्या तिजोरीत राहणाऱ्या वहीत हा शब्द लिहायला काहीच हरकत नाही. तेथपर्यंत ज्याचा हात पोहोचला, त्याला वाय-फायची गरज नाही. शून्यात तिरपी रेघ मारावी, मोठ्या अक्षरांखाली रेघ ओढावी, राउटरच्या अंतर्गत पानाचा पासवर्ड आणि कंपनीने दिलेले नावही शेजारी नोंदवावे, तारीख टाकावी. दिवाळीत वीर निर्वाण संवत बदलताना नवी वही उघडतेच; त्याच दिवशी नवा शब्द तिच्यात चढवता येईल. मधल्या काळात कोणी नोकर किंवा भाडेकरू सोडून गेला, तर दिवाळीची वाट पाहू नये.

रीसेट करावे लागले आणि पासवर्ड बदलण्याचे काही कारण नसेल, तर वाय-फायचे नाव आणि पासवर्ड अक्षरशः पूर्वीचेच पुन्हा द्यावेत. सारी उपकरणे काही न विचारता परत जोडली जातात. शब्द बदलला असेल, तर फोन आणि टीव्ही नवा शब्द मागतील. कॅमेरा आणि प्रिंटर मात्र काही मागत नाहीत, नुसते बंद राहतात. जिन्यातील कॅमेरा आठवडाभर काहीच पाहत नव्हता, हे बहुधा त्याची गरज पडते त्याच दिवशी कळते. म्हणून शब्द बदलल्याच्या रात्रीच, झोपण्यापूर्वी, त्याचे चित्र फोनवर उमटते की नाही हे पाहून घ्यावे.