भाव पाहावा तो किलोमागे

महिन्याचा किराणा भरताना पुडक्यावरील किंमत पाहिली जाते. परंतु त्या किमतीत माल किती, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. 450 ग्रॅम तूरडाळीचे पुडके 90 रुपयांना आणि सुटी डाळ 190 रुपये किलो असेल, तर 90 हा आकडा स्वस्ताईचा आभास निर्माण करतो. वस्तुतः पुडक्यातील डाळ 200 रुपये किलोने पडते.

वेष्टनबंद वस्तूंच्या नियमांत 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीने ठरावीक वजनातच माल भरण्याचे बंधन काढले आणि एकक विक्री किंमत छापणे अनिवार्य केले. मात्र किलोहून कमी मालावर ती ग्रॅममागे, तर अधिक मालावर किलोमागे छापली जाते. शिवाय ती कमाल किमतीवरून काढलेली असते. दुकानदाराने दिलेली सूट तीत धरलेली नसते. तात्पर्य, कायद्याने आकडा दिला, तरी हिशेब घरानेच करावयाचा आहे.

1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा ग्राहक संरक्षण कायदा येण्यास 12 वर्षांचा अवकाश होता. संघटित, विचारी ग्राहक हेच त्या कार्याचे बळ होते. कायदा आला म्हणून ते बळ क्षीण होता कामा नये. प्रत्येक घराने यादीशेजारी किलोमागचा भाव लिहिला आणि चार घरांनी तो एकमेकांना सांगितला, तर फसव्या पुडक्यांना आळा बसेल आणि चोख व्यवहार करणाऱ्या गल्लीतील दुकानदारालाही न्याय मिळेल.