शिंकेचा अपशकुन

पावसाळ्याच्या तोंडावर इन्फ्लुएन्झाची लस टोचून घ्यावयास निघालेला गृहस्थ दोन शिंका आल्या की माघारी फिरतो. शिंकेला अपशकुन मानण्याची आपली जुनीच खोड! वस्तुतः किरकोळ सर्दी-पडसे हे लस पुढे ढकलण्यास पुरेसे कारण नव्हे, असे वैद्यकशास्त्र निःसंदिग्धपणे सांगते. अंगात सणसणून ताप असल्यास मात्र तो उतरेपर्यंत थांबणेच इष्ट. टोचावयाच्या लसीत जिवंत विषाणू नसतात. तिच्यामुळे फ्लू होतो, हा निव्वळ गैरसमज होय. उलट, संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात आणि साथ तेवढी वाट पाहत नाही. २००९ साली पुणेकरांनी स्वाइन फ्लूचा हाहाकार अनुभवला आहेच. साठी उलटलेल्यांनी व मधुमेह्यांनी तरी दवाखान्याच्या पायरीवरून परतण्यापूर्वी डॉक्टरांना ताप मोजू द्यावा.